गुंत्याला फिरवायचं कुणी

दोर वळायला कोरडी हवा लागते. हवेत ओल असली की घायपाताच्या धाग्यांचा वाख फुगतो, पीळ धरत नाही आणि चार दिवसांत दोर सैल पडतो. म्हणून वर्षातले हे तीन-चार कोरडे महिने दोरवाल्याच्या घरी कुणी आजारी पडायचं नसतं, कुणी रुसायचं नसतं आणि पाहुण्यांनी तर फिरकायचंच नसतं. नेमका ह्याच दिवसांत पीळदादा वाखाची पेंढी काढायला माळ्यावर चढला, शिडीची वरून दुसरी पायरी मोडली आणि गडी पेंढीसकट खाली आला. पेंढीला काही झालं नाही. दादाच्या खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने कुबड्या. खाली बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही, शिडीकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि उलटं चालायचं?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे बघितलं. "ह्यांच्या डोक्यालाही मार लागलाय का?"

"नाही हो," बायको म्हणाली, "आमचा धंदाच तो आहे."

आणि खरंच होतं ते. घरामागं झाडांच्या रांगेखाली शंभर पावलांची सरळ दोरवाट होती. एका टोकाला बायको उकिडवी बसून चाक फिरवायची. दादा कमरेला वाखाचा जुडगा गुंडाळायचा, त्यातली चिमूट चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत सोडत एक एक पाऊल मागं सरकायचा. तो मागं जाईल तसा पुढ्यात धागा वळत जायचा. शंभर पावलं उलटी, टोकाला धागा खुंटीला मारायचा आणि शंभर पावलं सुलटी. दिवसभरात अशा तीस-चाळीस खेपा. तीस वर्षं हा माणूस निम्मं आयुष्य उलटा चालला होता आणि कधी ठेच लागली नव्हती. पडला तो शिडीवरून, याचा त्याला जास्त राग होता.

पीळदादा हे नाव धंद्यावरून पडलं होतं असं तो सांगायचा. गाव म्हणायचं, मिशीवरून. बायको म्हणायची, स्वभावावरून. कुणाची मदत घ्यायची म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. मेहुण्यानं कुठूनशी चाकाची खुर्ची पैदा करून आणली, तर दादानं ती गोठ्यात ठेवायला लावली. आता तीत कोंबडी अंडी घालत होती. घरी आल्यापासून हा फाटकाबाहेर एकदाही गेला नव्हता. गावानं कुबड्या बघू नयेत म्हणून नुसता ओसरीवर लाकडी खुर्चीत बसून राहायचा आणि जुन्या दोरांची तुटलेली टोकं सांधायचा.

बायकोला वाटलं होतं, धंदा बंद राहील, घर थोडं शांत होईल. ती गुंत्याला विसरली होती.

गुंता म्हणजे दादाचा कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडका, आणि पाय एवढे लांब की बसला तरी उभाच वाटावा. पिल्लू असताना वाखाच्या ढिगात शिरून असा काही गुरफटला होता की कात्रीनं सोडवावा लागला, तेच नाव राहिलं. दादाच्या प्रत्येक खेपेला हा हजर. तीस खेपा दादाच्या, तीस याच्या. रोजचं दोन कोस चालणं याच्या अंगात मुरलेलं, आणि एके दिवशी एकदम सगळं बंद झालं.

पहिले चार दिवस तो दादाच्या खुर्चीभोवती गोल गोल फिरला. पाचव्या दिवशी त्यानं झाडाखाली एवढा खड्डा खणला की त्यात तो स्वतः दिसेना. सातव्या दिवशी शेजारच्या शिंपीणमावशीच्या सगळ्या कोंबड्या छपरावर चढवून खाली पहारा देत बसला.

"वहिनी," मावशी कुंपणावरून ओरडली, "माझ्या कोंबड्या काय कौलं शाकारायला चढल्यात?"

दहाव्या दिवशी कहर झाला. होडीवाल्यासाठी वळून ठेवलेला जाड तीन पेडी दोर गुंत्यानं ओसरीखाली नेला आणि सकाळभर बसून, एक एक पेड सुटा करून, त्याचा पुन्हा वाख करून ठेवला.

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वळायला आपण दोघं लागतो. उलगडायला हा एकटा पुरे."

"त्याची काय चूक?" दादा म्हणाला. "त्याच्या पायांना काम नाही."

"मग द्या काम! नाहीतर मी तरी वेडी होईन नाहीतर ते कुत्रं तरी."

काम द्यायचं म्हणजे कुणीतरी फिरवून आणायचं. एवढी साधी गोष्ट. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. गवंडी माणूस, दंड असे की नुसत्या हातानं वीट फोडील. त्यानं गुंत्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि निघाला. फाटकापर्यंत गेला असेल नसेल, गुंत्यानं एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं, गर्रकन वळला आणि मेहुण्याला फरफटत अंगणातून, झाडांखालून, थेट चाकापाशी घेऊन आला. तिथं शेपटी हलवत बसला. मेहुण्यानं तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा चाकापाशी येऊन पोचला.

"ताई, याला फिरणंबिरणं काही नको," तो हात चोळत म्हणाला. "याला घर सोडवत नाही." आणि गेला आपल्या विटांकडे.

मग न्हाव्यानं विडा उचलला. न्हावी दादाचा जुना दोस्त, दर दोन दिवसांनी दाढी करायला यायचा आणि गावाच्या बातम्या सांगायचा. तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्या दिवशी दाढी आटोपून त्यानं दोरी हातात घेतली, पण सरपंचाच्या म्हशीची गोष्ट अर्धवट राहिली होती. ती पुरी करायची म्हणून गडी दादाकडे तोंड करून बोलत बोलतच मागं मागं सरकत फाटकाबाहेर गेला. आणि काय आश्चर्य! गुंता त्याच्या पुढ्यात मान वर करून, ऐटीत, दुडक्या चालीनं चालू लागला. रस्ता ओलांडला. विहिरीच्या वळणापर्यंत पोचले. तिथं म्हशीची गोष्ट संपली, न्हाव्यानं पाठ फिरवली, आणि दुसऱ्या क्षणी दोरीला असा हिसका बसला की न्हावी विहिरीपाशी आडवा आणि गुंता चाकापाशी हजर.

न्हावी धूळ झटकत परत आला तो खूश होऊन. "दादा, उमगलं! त्याला माझं बोलणं आवडतं. बोलणं थांबलं की परत येतो."

"तुझं बोलणं? आवडतं?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी न्हावी तयारीनं आला. सरळ पुढं तोंड करून, मोठमोठ्यानं बोलत निघाला. तेरा बातम्या सांगितल्या, दोन भांडणं आवाज बदलून ऐकवली. फाटकापर्यंतही पोचला नाही. चाकापाशी बसून तो कपाळ पुसत होता तेव्हा ओसरीवर दादा एकदम हसायला लागला. इतका हसला की खुब्यात कळ आली.

"अरे, आपण सगळेच ठार वेडे!" तो म्हणाला. "हे कुत्रं जन्मात माझ्या मागून चाललेलंच नाही. मी उलटा जायचो, तेव्हा हा माझ्या तोंडाकडे बघत पुढ्यात. मी खुंटीला धागा मारून पाठ फिरवली, की हा पळत माझ्या आधी चाकापाशी. त्याच्या हिशेबी माणसाचं तोंड दिसलं म्हणजे चालायचं. पाठ दिसली म्हणजे खेप संपली!"

बायको चाकाकडे बघत राहिली. "आणि मी रोज समोर बसलेली. माझ्याही लक्षात आलं नाही."

कोडं सुटलं, पण आता गावातून उलटं चालायचं कुणी? न्हाव्यानं दोस्ती निभावली. चार दिवस तो गुंत्याकडे तोंड करून गावभर मागं मागं फिरला. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायचे. "काय रे, येतोयस की जातोयस?" असं प्रत्येक दारातून विचारलं जायचं. पाचव्या दिवशी तो गुरांच्या हौदात बसला. म्हणजे बसायचं नव्हतं, पण बसला. गुंताही आनंदानं त्याच्यामागे उडी मारून आत गेला.

"दादा, माफ कर," ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून तो म्हणाला. "तुझ्यासाठी जीव देईन, पण अर्ध्या मिशीचा एक माणूस दोन दिवस मला शोधत हिंडतोय. धंद्याला बसू दे मला."

मग बायकोनं कंबर कसली. पाणी भरून, गोठा झाडून, चूल आवरून ती रोज अर्धा तास दोरवाटेवर उलटी चालायची. गुंत्याला ते पुरायचं नाही, पण कोंबड्या तरी जमिनीवर राहायला लागल्या. दादा ओसरीवरून सूचना द्यायचा, "टाच आधी टेकव. मान वळवू नकोस. अगं, पावलं मोज, पावलं!"

"तुम्ही गप्प बसा. मी चाक फिरवताना तुम्हाला शिकवायला यायचे का?"

तिसऱ्या दिवशी तिची टाच झाडाच्या मुळात अडकली आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. आता घरात दोन माणसं आणि तीन कुबड्या. ती ओसरीच्या पायरीवर पाय पसरून बसली, घोट्यावर हळद चोळत.  गुंता झाडाखालचा खड्डा आणखी खोल करत होता.

"गवळी कुत्रं मागत होता," ती शेवटी म्हणाली. "त्याचं कुरण मोठं आहे. मोकळा हिंडेल तिथं."

दादा हातातला दोर सांधत राहिला. एक पेड दुसऱ्यात घातला, ओढला, पुन्हा काढला.

"माझं काळीज दगडाचं नाही हो," ती म्हणाली. "मीच त्याला कात्रीनं सोडवला होता त्या वाखातून. पण आपल्याकडे आता त्याला द्यायला काय आहे?"

"खरं आहे तुझं," दादा म्हणाला. "सांग त्याला. शनिवारी ने म्हणावं."

शनिवारी सकाळी दादानं वाख विंचरायच्या जुन्या फणीनं गुंत्याचं अंग विंचरलं. मान, पाठ, पोटाखालचे केस, सगळं. गुंत्यानं डोळे मिटून घेतले होते. दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण पुसलं असतं तर बायकोला दिसलं असतं. तिला तसंही दिसत होतं.

गवळी रोजच्या वेळेला आला. वयानं दादाएवढाच, बुटका, बायको जाऊन वर्षं झालेली. त्याची घोडागाडी म्हणजे नुसती फळी, वर दुधाचे कॅन आणि पुढं म्हातारी पांढरी घोडी. सकाळी वस्त्यांवर दूध घालत तीन कोसांचा फेरा मारून तो कुरणावर परतायचा. त्यानं गुंत्याला गाडीच्या मागं बांधलं, स्वतः पुढं बसला आणि घोडीला चुचकारलं.

गुंत्यानं गवळ्याच्या पाठीकडे बघितलं. पुढचं सांगायला नको. गळ्यातला पट्टा कानांवरून सोलून काढून तो चाकापाशी जाऊन बसला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. उचलून कॅनांच्या मध्ये बसवला, तर एक कॅन लवंडून खाली उतरला. शिंपीणमावशी कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होती.

"दादा," गवळी डोकं खाजवत म्हणाला, "तो तोंड बघून चालतो म्हणतात ना? मग तुम्हीच बसा की मागं. पाय खाली सोडून, त्याच्याकडे तोंड करून. कुरणापर्यंत पोचवा त्याला, मी तुम्हाला परत आणून घालतो."

दादाची मिशी थरथरली. "मी? गाडीच्या मागं लोंबकळत जाऊ? भर गावातून? पेंढीसारखा?"

"पेंढी बरी," बायको म्हणाली. "पेंढी निदान तोंड वर करून बोलत नाही." मग तिचा आवाज उतरला. "अहो, त्याला नीट पोचवा. एवढं तरी करा त्याच्यासाठी. दोरीनं ओढत नेलेला मला बघवणार नाही."

 दादानं गुंत्याकडे बघितलं. गुंता त्याच्याच तोंडाकडे बघत होता. मग त्यानं कुबड्या ओढून घेतल्या.

त्याला चढवणं म्हणजे एक सोहळाच झाला. गवळ्यानं काखेत हात घातले, बायकोनं लंगडत लंगडत दुखरा पाय उचलला, मावशी कुंपण ओलांडून आली आणि तिनं सगळ्यांना कामाला लावलं. "डावीकडं! अहो, तुमचं डावं नव्हे, त्यांचं डावं!" दादा घामाघूम झाला, दोनदा ओरडला, एकदा शिवी दिली आणि शेवटी फळीच्या कडेवर टेकला, बुडाखाली वाखाची जुनी गादी. घोडी निघाली. आणि गुंता निघाला. मान वर, पडका कान उडतोय, चारही पाय मोकळे सोडून, दादाच्या तोंडावर नजर ठेवून तो धावायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दादाला तो धावताना दिसत होता.

फाटक मागं पडलं तेव्हा दादानं मान खाली घातली होती. विहिरीपाशी त्यानं ती जराशी वर केली. न्हावी वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर धावत आला. "दादा! येतोयस की जातोयस?" सगळा रस्ता हसला. दादाला वाटलं होतं, लोक हसले की आपण मरून जाऊ. मेला तर नाहीच, स्वतःच हसला. "तुझ्यासारखा हौदात नाही जात!" त्यानं ओरडून सांगितलं आणि रस्ता आणखी हसला. बायका हात हलवत होत्या, लोहारानं हातोडा वर केला, कुणी विचारलं, दोर कधी मिळतील. दादा सगळ्यांना उत्तरं देत होता.

गाव संपल्यावर दोघं पाठीला पाठ लावून बोलत राहिले. गवळ्याला येणारा रस्ता दिसायचा, दादाला गेलेला. "पुढं खड्डा आहे, धरून बसा," गवळी सांगायचा. "फार मोठा होता रे," दादा मागून कळवायचा. वस्तीवस्तीला गाडी थांबे, गवळी दूध मापून देई, गुंता पाणी पिऊन पुन्हा दादासमोर हजर. हाडात ठणका होताच, पण दादानं तो कुणाला सांगितला नाही.

कुरण आलं. हिरवं, लांबलचक, कुत्र्यानं स्वप्नात बघावं असं. गुंत्याचा पट्टा गवळ्यानं हलकेच खांबाला अडकवला. "तुम्ही आता बघू नका," तो म्हणाला आणि घोडी घराकडे वळवली. पण दादा बसलेला मागं तोंड करून. न बघून सांगतो कुणाला! गाडी हलली, गुंत्याला दादाचं तोंड लांब जाताना दिसलं, पट्टा कानांवरून निघाला आणि तो गाडीच्या मागं.

"तोंड फिरवा, दादा! पाठ करा त्याच्याकडे!"

दादानं कमरेत पीळ घालून कशीबशी मान घोडीकडे वळवली. दातओठ खाऊन, डोळे घट्ट मिटून. कानाशी सूं करून काहीतरी गेलं. डोळे उघडले तर गाडीच्या पुढं रस्त्यावर धुळीचा एक पट्टा होता आणि त्याच्या टोकाला गुंता, सरळ घराच्या दिशेनं.

गवळी थांबला. "आता हे काय?"

"पाठ दिसली," दादा म्हणाला. "म्हणजे खेप संपली. गेला चाकापाशी."

 गवळ्यानं हिशेब लावून बघितला. तोंड दाखवावं तर मागं येतो, पाठ दाखवावी तर घरी पळतो. तिसरी काही बाजू माणसाला नाही. मग तो असा हसायला लागला की घोडीनं मान वळवून बघितलं.

घरी बायकोनं गुंत्याला एकटाच धापा टाकत चाकापाशी आलेला बघितला. कुत्रं आलं, माणूस कुठं पडला? ती सुजल्या पायानं फाटकापर्यंत आली, तेवढ्यात घोडी दिसली, मग गवळी, मग त्याच्यामागं दादाची पाठ.

"कुत्रं द्यायला गेला होतात ना?" तिनं विचारलं. हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलेलं.

"दिलं की. त्यानं घेतलं नाही."

गवळी खाली उतरला. टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला. "वहिनी, हे कुत्रं माझं व्हायचं नाही. पण तुम्ही उद्या सकाळी दादांना पाठवाल का? त्याचं पळणं होईल. आणि..." तो घोडीच्या मानेवरून हात फिरवू लागला. "मी रोज तीन कोस घोडीशी बोलतो. आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं."

बायकोनं दादाकडे बघितलं. आता हा काहीतरी तिरकस बोलणार, मला कुणाची मेहेरबानी नको म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. दादानं मिशीला पीळ दिला. घसा खाकरला.

"किती वाजता निघतोस?"

"सहाला."

"मग पावणेसहाला ये. मला ताटकळायला आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी गवळी पावणेसहाला आला, तेव्हा पीळदादा दाढी करून, दोन्ही कुबड्यांवर तोल सांभाळत, आपल्या पायांनी फाटकाबाहेर येऊन रस्त्यावर उभा होता.